फोटोकाकांच्या पित्तनळीचा फोटो

माणसाचा रंग उडाला की चार लोक विचारतात, काय झालं म्हणून. फोटोकाकांचा रंग उडाला नव्हता, चढला होता, आणि तोही रोज थोडा थोडा. त्यामुळे घरात किंवा स्टुडिओत कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते परवाना कार्यालयातल्या कारकुनाच्या. फोटोकाका गाडीच्या परवान्याचं नूतनीकरण करायला गेले होते. काम एवढंसं. कारकुनाने अर्जावरचा फोटो पाहिला, काकांकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि काच सरकवून रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“हा फोटो तुमचा नाही.”

आता, एखाद्या हलवायाला लाडू वळता येत नाहीत म्हणावं, तसंच हे झालं. उभं आयुष्य फोटोकाकांनी लोकांचे पासपोर्ट फोटो काढण्यात घालवलं होतं. या कार्यालयाच्या कपाटांत निम्मे चेहरे त्यांच्या हातचे होते. त्यांचं पित्त खवळलं. म्हणजे तेव्हा त्यांना तसं वाटलं; खवळून त्याला जायला वाट नव्हती, हे नंतर कळलं.

“मीच काढलाय तो. माझाच आहे,” ते म्हणाले.

“फोटोतला माणूस गोरा आहे. तुम्ही पिवळे आहात.”

“तुमच्या इथला उजेड खराब आहे. या दिव्यांच्या पट्ट्या जुन्या झाल्या की पिवळ्या पडतात. मी या धंद्यातला आहे, मला शिकवू नका.”

“मीही याच उजेडात बसलोय, काका. मी पिवळा दिसतो का?”

कारकून पिवळा दिसत नव्हता. तो काळाच होता, आणि अगदी निरोगी काळा. मागच्या बाईंनी काकांना दंडाला धरून खिडकीशी नेलं आणि त्यांची खालची पापणी परस्पर ओढून पाहिली. “डोळेसुद्धा!” त्या म्हणाल्या. मग सगळ्या रांगेने एकेक करून त्यांचे डोळे पाहिले. एकाच्या मेव्हण्याला असंच झालं होतं, तो वाचला. दुसऱ्याच्या साडूला झालं होतं, त्याचं पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही. नुसतं “जाऊ द्या” म्हणाला.

“रंग उतरला की या,” कारकून म्हणाला. “नाहीतर याच रंगात फोटो काढून आणा. पण मग रंग उतरल्यावर परवाना चालणार नाही.”

खरी गोष्ट अशी होती की फोटो पिवळाच आला होता. काकांनी स्टुडिओतल्या नव्या दिव्यांना मनसोक्त शिव्या घातल्या, संगणकावर बसून चेहऱ्यातला पिवळा रंग निगुतीने काढून टाकला, आणि हात झटकले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. रोग समोरच्या पडद्यावर ठळक दिसत होता, आणि हा गृहस्थ तो खोडत बसला होता.

घरी आल्यावर काकूंनी त्यांना गॅलरीत उभं केलं आणि अंगठ्याने त्यांचं कपाळ दाबून पाहिलं.

“तरीच खाजवत असता सारखे,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, नेहमीचंच.”

‘नेहमीचंच’ म्हणजे काय, ते सांगायला हवं. फोटोकाका एका जागी स्थिर बसल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. बोलताना त्यांचा पाय हले, ऐकताना मान हले, आणि दोन्ही नसेल तेव्हा ते उठून पंख्याचं बटण कमीजास्त करत. जेवताना दोनदा तरी उठून दाराची कडी बघून येत. आणि असा माणूस दिवसभर दुसऱ्यांना काय सांगे? “हलू नका.” लोका सांगे ब्रह्मज्ञान! त्यात आता महिनाभर अंगाला खाज सुटली होती, पण तो गृहस्थ आधीच इतका हलत होता की त्यातली खाज कुठली आणि स्वभाव कुठला हे बायकोलाही ओळखता आलं नाही.

घराच्याच पुढच्या खोलीत असलेल्या स्टुडिओच्या शेजारचे टेलर म्हणजे फोटोकाकांचे सल्लागार. गळ्यात टेप अडकवलेला असल्यामुळे ते कोणत्याही विषयावर मोजूनमापून बोलतात असा लोकांचा समज होता. त्यांनी विचारलं, “दुखतं का कुठे?”

“छे! काही नाही.”

“मग झालं तर. दुखत नाही ते दुखणं कसलं? उगाच डॉक्टरकडे जाऊ नका. गेलात की ते काहीतरी काढतात.”

काकूंनी टेलरचं न ऐकता काकांना पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर कमी बोलणारे होते, आणि फोटोकाकांसारख्या माणसाला कमी बोलणारा डॉक्टर म्हणजे शिक्षाच. त्यांनी पोट दाबलं, रक्ताचे कागद पाहिले आणि विचारलं, “दुखतं?”

“अजिबात नाही,” काका अभिमानाने म्हणाले.

“हं,” डॉक्टर म्हणाले.

हा ‘हं’ काकांना आवडला नाही. त्यात शाबासकी नव्हती. “म्हणजे, तसं थोडं दुखतं,” त्यांनी घाईने दुरुस्ती केली. “दाबल्यावर. जोरात दाबल्यावर.” पण डॉक्टर तोवर सोनोग्राफीची चिठ्ठी लिहायला लागले होते.

सोनोग्राफीत पित्तनळी फुगलेली दिसली. यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी ही नळी. ती खाली कुठेतरी तुंबली होती आणि पित्त मागे फिरून रक्तात मिसळत होतं. पण खाली म्हणजे कुठे आणि कशाने, ते दिसेना, कारण मध्ये वायू आला होता. फोटोकाकांनी ते छापील चित्र हातात घेऊन पाहिलं आणि त्यांना मनापासून लाज वाटली. त्या फोटोग्राफरची. काळ्यावर करडं, करड्यावर काळं. एवढं धुरकट चित्र त्यांनी पहिल्या महिन्यातसुद्धा गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नसतं.

“यात काय दिसतं हो तुम्हाला?” त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

“नळी अडली आहे एवढं दिसतं. खडा असेल तर काढून टाकू. सोपं आहे.” त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “दुसरं काही असेल, तर मग बघावं लागेल.”

“दुसरं काही म्हणजे?”

“आधी एमआरसीपी करून घ्या. एमआरआयच्या यंत्रातच होतं. त्यात नळीचा स्वच्छ फोटो येतो. मग बोलू.”

काकूंनी मांडीवरच्या पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. फोटोकाकांचा जीव त्या ‘दुसरं काही’वर टांगला गेला, तो पुढे काही दिवस तिथेच लोंबकळत होता. खडा की दुसरं? दाढी करताना तोच विचार. पासपोर्ट फोटो कापतानाही तोच. त्या नादात त्यांनी एका बँकेतल्या साहेबांचा कान कापला. फोटोतला.

टेलरना ही बातमी कळताच ते कात्री ठेवून आले. “खडा असला तर भाग्यवान आहात,” ते म्हणाले. आठवडाभरापूर्वी याच गृहस्थाला हे दुखणंच वाटत नव्हतं. “पण आता तुम्ही दुखत नाही म्हणता, ते काही मला बरं वाटत नाही. खड्याने दुखतं. माझ्या चुलत्याला दुखायचं तर आळीला ऐकू जायचं.” तेव्हापासून फोटोकाका पोटात दुखण्याची वाट पाहू लागले. जरा कुठे कळ आली की आनंदाने उठून बसत, आणि ती भुकेची निघे.

तपासणी केंद्रात वेगळंच नाटक. तिथल्या खिडकीवर फोटो असलेलं ओळखपत्र मागितलं. काकांनी जुना परवाना दिला.

“याची मुदत संपली आहे,” खिडकीतली मुलगी म्हणाली.

“नव्याला टाकलाय. पण मी पिवळा आहे म्हणून देत नाहीत.”

“मग?”

“पिवळा का आहे ते तुम्ही शोधायचं. त्यासाठी फोटो काढायचाय. तुम्ही फोटो काढलात की रंग उतरेल, रंग उतरला की ते परवाना देतील, तो परवाना मी तुम्हाला आणून दाखवीन.”

मुलीने जुन्या परवान्यावरच्या भरघोस केसांच्या तरुणाकडे पाहिलं. “आणि हे कोण?”

काकांच्या आयुष्यात त्यांचाच फोटो त्यांचा नसण्याची ही दुसरी वेळ. डॉक्टरांनी स्वतः फोन केला तेव्हा कुठे ती खिडकी हलली. मग अंगात कुठे धातू आहे का, याची चौकशी. खिळा, पट्टी, तार, छर्रा? काकांनी लहानपणी गिळलेल्या एका बटणाची हकिगत सांगायला घेतली, पण काकूंनीच “नाही” असं सांगून तो विषय मिटवला.

यंत्र चालवणारी तंत्रज्ञ पोरसवदा पण खमकी होती. काकांनी तिला विश्वासात घेऊन सांगितलं की आपण एकाच धंद्यातले आहोत. ती बरं म्हणाली, त्यांना अरुंद पाटावर झोपवलं, पोटावर एक जड कवच बांधलं, कानाला हेडफोन लावले आणि पाट बोगद्यात सरकवला. आत छत नाकापासून वीतभर. मग यंत्राने जो ठोकाठोकीचा धडाका लावला, तो ऐकून काकांना वाटलं की शेजारच्या खोलीत कपाट बनवतायत.

हेडफोनमधून आवाज आला. “श्वास घ्या. सोडा. आता धरून ठेवा. हलू नका.”

“बरं,” काका म्हणाले.

ठोकाठोकी थांबली. “काका, बोलायचं नाही. पुन्हा. श्वास घ्या. सोडा. धरा.”

काकांनी श्वास धरला. आणि नेमकी त्याच क्षणी डाव्या पोटरीला खाज सुटली. खाज म्हणजे काय, ते ज्याला हात हलवता येत नाही त्याला विचारा. काकांनी दात आवळले, देवाचं नाव घेतलं, आजवर फोटो काढलेल्या सगळ्या रडक्या पोरांची मनातल्या मनात माफी मागितली. मग उजव्या पायाच्या अंगठ्याने डावी पोटरी हळूच, कुणाला कळणार नाही अशी, घासली.

तंत्रज्ञ दार उघडून आत आली. “फोटो हलला,” ती म्हणाली.

हे दोन शब्द फोटोकाकांनी हजारो आयांना ऐकवले होते. ते आपल्याला ऐकवले जातील असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पुन्हा घेतला, पुन्हा हलला. तिसऱ्यांदा तर त्यांनी खरोखर काही केलं नाही. नुसतं उजेड कुठून येतोय ते मान वळवून पाहिलं.

“असा फोटो निघाला तर डॉक्टरांना काहीच कळणार नाही,” ती म्हणाली. “खडा आहे की काय आहे, तेही सांगता येणार नाही. भूल देऊन करायचं का? त्याला पुन्हा तारीख घ्यावी लागेल.”

“मी येऊ का आत?” दारातून काकूंनी विचारलं.

त्यांच्या अंगावरचं सगळं धातूचं काढून घेतलं, त्यांनाही हेडफोन दिले, आणि काकांच्या पायांशी स्टुलावर बसवलं. बोगद्यातून काकांना त्या दिसत नव्हत्या. फक्त दोन्ही घोट्यांवर त्यांच्या हातांची पकड कळत होती. भाजीवालीच्या तराजूचा काटा धरणाऱ्या बाईची ती पकड; तिच्यातून पाय सुटणं शक्य नव्हतं. पण ते हात थरथरत होते. एसी जरा जास्तच ठेवलाय यांनी, काकांच्या मनात आलं. ते पाय घट्ट ठेवून पडून राहिले, म्हणजे तिला थंडीत फार वेळ बसावं लागू नये.

फोटो आला.

फिल्म लगेच मिळाली, अहवाल दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाणार होता. इथेच घात झाला. उपाशी माणसापुढे ताट ठेवून उद्या जेवा म्हणावं, तसं ते होतं. घरी येताच काकांनी फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवली आणि डोळ्याला भिंग लावलं. मानलं पाहिजे, फोटो झकास होता. काळ्याशार पार्श्वभूमीवर पांढऱ्या फांद्या, त्या एकत्र येऊन झालेली पांढरी नळी. नळीत खालच्या बाजूला दोनतीन काळे ठिपके.

“धूळ!” काका तुच्छतेने म्हणाले, आणि लेन्स पुसायच्या मखमली फडक्याने ते ठिपके पुसू लागले. पुसले जाईनात. “छापतानाच बसलेली धूळ दिसतेय. इतकं महागडं यंत्र, आणि साधी सफाई ठेवता येत नाही.”

मग त्यांची नजर जरा बाजूला गेली. तिथे एक भलामोठा, पांढरा शुभ्र, वांग्याच्या आकाराचा गोळा लटकत होता.

फडकं त्यांच्या हातातच राहिलं. टेलरना बोलावलं. टेलरनी गळ्यातला टेप काढून गोळा मोजला, नळी मोजली आणि टेप पुन्हा गळ्यात घातला. “एवढा मोठा,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. “काका, काही लागलं सवरलं तर मी आहे.”

टेलर गेल्यावर काका खोलीतून स्टुडिओत आणि स्टुडिओतून खोलीत फेऱ्या मारू लागले. कपाट उघडलं, बंद केलं. आणि मध्येच त्यांना आठवलं की आपला एकही फोटो नाही. जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे. जो होता तो परवान्याचा, आणि तो तर आपला नाहीच असं सरकारने सांगितलेलं. घरात कुणी गेलं की लोक त्यांच्याकडे घोळक्याचे फोटो घेऊन येत: यातले आमचे बाबा तेवढे काढून द्या. मग बाबांच्या खांद्यावरचा कुणाचा तरी हात पुसा, मागच्या माणसाचा कान बाबांच्या डोक्यातून वेगळा करा. काकूंनी असा एखादा फोटो घेऊन दुसऱ्या कुणाच्या स्टुडिओत जावं, आणि त्या माणसाने आपला कान भलत्याच ठिकाणी लावावा, या कल्पनेने त्यांना मरणापेक्षा जास्त वाईट वाटलं.

“अगं, जरा ये,” त्यांनी हाक मारली. “माझा एक फोटो काढ.”

“आत्ता? कशाला?”

“असू दे. भिंतीवर लावायला.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. कोणत्या भिंतीवर आणि कशाला, ते त्यांना नीट कळलं.

“मी नाही काढणार,” त्या म्हणाल्या. “मेलात तरी नाही काढणार.” आणि आत जाऊन त्यांनी स्वच्छ घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

काका मग एकटेच तयारीला लागले. तिपाई लावली, खुर्ची मांडली, मागे निळा पडदा सोडला, कॅमेऱ्यावर वेळ लावून धावत जाऊन खुर्चीत बसले. हनुवटी उचलली. लाल दिवा लुकलुकेना असं वाटलं, म्हणून बघायला उठले. तेवढ्यात खटका पडला. पुन्हा लावला, पुन्हा बसले. आता पडदा वाकडा वाटला, उठले, खटका पडला. शेवटी ते पाणी प्यायला आत गेले.

भांड्यांचा आवाज थांबला होता. ते परत आले तेव्हा काकू कॅमेऱ्यामागे उभ्या होत्या, छोट्या पडद्याकडे बघत. त्यावर निळा पडदा होता आणि त्याच्यापुढे रिकामी खुर्ची. काकांनी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं, पण काकूंचा चेहरा बघून मिटलं. काकूंनी ते चित्र पुसलं, कॅमेरा पेटीत घातला, पेटी कपाटात ठेवली, आणि कपाटाची किल्ली कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. काकू खुर्चीत बसल्या होत्या, काका उभेच होते. बसा म्हटलं तरी बसेनात.

“मला सगळं माहीत आहे, डॉक्टर,” ते म्हणाले. “आडपडदा नको. किती दिवस आहेत, तेवढं सांगा.”

“काय माहीत आहे?”

काकांनी बोट त्या पांढऱ्या गोळ्यावर ठेवलं.

“ते पित्ताशय आहे,” डॉक्टर म्हणाले.

“काय?”

“पित्ताची पिशवी. मलाही आहे, यांनाही आहे. या फोटोत पातळ पदार्थ पांढरा दिसतो, म्हणून ती अशी चमकते. तिला सोडा. इकडे बघा.” डॉक्टरांनी पेन नळीतल्या काळ्या ठिपक्यांवर टेकवलं. “हे खडे. तीन आहेत. पित्ताच्या पांढऱ्यात काळे दिसतात. इथे अडकलेत. बाकी नळी स्वच्छ आहे. दुसरं काही नाही. परवा तोंडातून दुर्बीण घालून काढून टाकू.” मग ते जरा पुढे वाकले. “पण फिल्मवर इथे एवढे ओरखडे कसले? कुणी घासलंय का?”

“धूळ वाटली,” काका पुटपुटले.

“तुम्ही खडे फडक्याने पुसत होतात?”

हे खरं म्हणजे वर्मी लागायला हवं होतं. पण माणूस साप साप म्हणून रात्रभर भुई धोपटतो, आणि सकाळी ती दोरी निघते, तेव्हा त्याला दोरीचा राग येत नाही. काकांना एकदम वाचा फुटली. हे ठिपके जरा ठळक यायला हवे होते, पांढरा रंग दोन घरं कमी ठेवला असता तर चटकन कळलं असतं, त्या मुलीला मी सांगणारच होतो. डॉक्टर ऐकत होते. काकांनी आधारासाठी बाजूच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

काकू बाहेर बोळकांडीत बाकावर बसल्या होत्या. पदर तोंडाशी धरलेला. आवाज येत नव्हता, पण सगळं अंग हलत होतं. परवाना कार्यालयापासून या क्षणापर्यंत त्या एकदाही रडल्या नव्हत्या. काका समोर होते तोवर त्यांना रडायला सवडच नव्हती. काकांना आता कळलं की त्या यंत्राच्या खोलीत एसी काही फार नव्हता.

ते शेजारी बसले.  त्यांनी काकूंचा हात हातात घेतला आणि तसेच बसून राहिले. पाय हलला नाही, मान हलली नाही. समोरून एक परिचारिका गाडा ढकलत गेली, त्याचं एक चाक वाकडं होतं, तरी ते उठून बघायला गेले नाहीत. अंगाला खाज होतीच, ती तशीच राहू दिली.

बऱ्याच वेळाने काकूंचे हुंदके थांबले. त्यांनी डोळे पुसले, नवऱ्याकडे पाहिलं, आणि एकदम घाबरून त्याला कोपराने ढोसलं.

“अहो, असे नका ना बसू,” त्या म्हणाल्या. “हला की जरा!”